मसुदा कच्चा असतानाच आरोग्य विभाग हवा

स्थानिक आरोग्य विभागाने इतर खात्यांशी समन्वय साधावा, हे कोणत्याही धोरणपत्रात सापडते आणि त्यावर कोणाचा आक्षेपही नसतो. माझा आक्षेप त्याच्या वेळेवर आहे. आराखडा मंजूर होऊन निविदा निघण्याच्या बेतात असताना आरोग्य अधिकाऱ्याला बैठकीला बोलावले जाते, इतिवृत्तात त्याची उपस्थिती नोंदवली जाते आणि यालाच सहभाग म्हटले जाते. मसुद्यातले आकडे बदलण्याची मुभा आहे तोवर जो सल्ला पोहोचत नाही, तो धोरणाच्या दृष्टीने दिलाच गेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

रस्ता ओलांडणाऱ्यांसाठीचा सिग्नल घ्या. तो किती सेकंद हिरवा ठेवायचा हे वाहतूक अभियंता ठरवतो आणि त्यासाठी चालण्याचा वेग अनेक ठिकाणी सेकंदाला १.२ मीटर धरला जातो. या हिशेबाने १८ मीटर रुंदीच्या रस्त्याला १५ सेकंद पुरतात. सेकंदाला ०.८ मीटर चालणारी वृद्ध व्यक्ती तेवढ्या वेळात १२ मीटरच जाते. उरलेले सहा मीटर तिला सुटलेल्या वाहनांसमोरून काढावे लागतात. अभियंत्याच्या गणितात चूक नसते, त्याच्यापुढे माहिती अपुरी असते. जखमींचे वय आणि दुखापतीचे स्वरूप आरोग्य यंत्रणेच्या दप्तरात असते. पण त्या नोंदी निदानानुसार लावलेल्या असतात, चौकानुसार नव्हे. त्या चौकानुसार लावून, रुग्णांची ओळख वगळून, सिग्नलची वेळ ठरण्याआधी अभियंत्याच्या हाती देणे, हे माझ्या लेखी दहा समन्वय बैठकांपेक्षा मोठे काम आहे.

आरोग्याचे ज्ञान एकाकडे आणि निर्णयाचा अधिकार दुसऱ्याकडे, ही स्थिती जुनीच आहे. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या पिण्याच्या पाण्याच्या पंपावर संशय घेतला. मात्र पंपाचा दांडा काढण्याचा अधिकार स्थानिक मंडळाचा होता आणि त्या मंडळाने ऐकले म्हणूनच तो निघाला. पुढे, सुरुवातीला स्नो यांचे म्हणणे न पटलेले तिथले धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांनीच घरोघर चौकशी करून त्याला बळकटी देणारा पुरावा जमवला. शंका घेणारा माणूस पुढे उत्तम सहकारी ठरू शकतो, हे अधिकाऱ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावे.

मला सर्वांत मोलाचे उदाहरण फिनलंडमधील नॉर्थ करेलिया प्रांताचे वाटते. तिथे हृदयविकाराने मरणाऱ्या पुरुषांचे प्रमाण फार मोठे होते आणि आहारात लोण्याचा भरपूर वापर होता. १९७२ मध्ये पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. लोणी कमी खा, असे सांगणे सोपे होते. पण प्रांतातील अनेक कुटुंबांची उपजीविका दूधव्यवसायावर होती. पुस्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महिला संघटना, अन्नउत्पादक आणि दुकानदार यांना सोबत घेतलेच, शिवाय सरकारी मदतीने शेतकऱ्यांसाठी बेरी लागवडीचा पर्यायही उभा केला. पुढील चार दशकांत काम करण्याच्या वयातील पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. त्याचे श्रेय एकट्या या उपक्रमाला देता येणार नाही, परंतु आपल्या सल्ल्याने कोणाचे नुकसान होणार आहे, हा प्रश्न त्यांनी आपला मानला, याचे मला विशेष कौतुक आहे.

अर्थात प्रत्येकाला भागीदार करून घेता येत नाही. तंबाखू नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय कराराचे कलम ५.३ आरोग्यधोरण तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून सुरक्षित ठेवायला सांगते, आणि ते योग्यच आहे.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि बहुतेक सहकार्य इथेच अडते. घरातील ओल दूर करण्याचा खर्च गृहनिर्माण खात्याच्या लेखाशीर्षात पडतो, तर दम्याचे रुग्ण कमी झाल्याची बचत रुग्णालयाच्या हिशेबात दिसते. मग पहिल्या खात्याने उत्साह का दाखवावा? कॅलिफोर्नियातील रिचमंड शहराने २०१४ मध्ये सर्व धोरणांत आरोग्याचा विचार करण्याचा स्थानिक कायदाच केला आणि त्यासाठी आंतरविभागीय गट नेमला. अधिकारी बदलले तरी अशी तरतूद टिकते. तिच्या जोडीला दोन्ही खात्यांच्या सहीने खर्च होणारा संयुक्त निधी असावा आणि तो मूळ अंदाजपत्रकातच दाखवलेला असावा, असा माझा आग्रह आहे.