फॉरमॅट मारण्याआधी घड्याळ पाहा, भाऊ

भाऊ, नमस्कार. कॉम्प्युटरवरचं मायक्रोसॉफ्ट स्टोअर चालत नसेल तर काय करायचं, हा माझा लेख तुम्ही पूर्ण वाचला आणि मनातलं स्पष्ट लिहिलं, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं, की ‘डब्ल्यूएसरीसेट’ ही एक कमांड द्यावी, तेवढ्याने भागलं नाही तर सरळ फॉरमॅट मारावा, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकावं. घड्याळ, सेल, सर्व्हिस हा फापटपसारा खेड्यातल्या माणसाला कशाला? हा शब्द मला लागला, कारण ते सगळं मी खेड्यातल्या माणसासाठीच लिहिलं होतं.

ती कमांड स्टोअरचा कॅशे, म्हणजे तात्पुरता साठवलेला डेटा, रिकामा करते, बस. बिघाड कॅशेत असेल तर उत्तमच. पण आमच्या दारव्हा तालुक्यातल्या गावच्या वाचनालयात भरतीची तयारी करणारी पोरं मला बोलवायला आली, “दादा, स्टोअर उघडूनच नाही राहिलं,” तेव्हा त्यांची ती दोनदा देऊन झाली होती. मी कोपऱ्यातली तारीख पाहिली. १ जानेवारी २०१५! सुरक्षित जोडणी करताना कॉम्प्युटर समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासतो, आणि त्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. आज चालणारं प्रमाणपत्र २०१५ सालच्या घड्याळाला अजून सुरूच झालेलं नसतं, म्हणून तो जोडणी नाकारतो. ब्राउझरमध्ये इतर साइटही घड्याळाची तक्रार करत असतील, तर दोष स्टोअरचा नाही हे तिथेच कळतं.

हे आपल्याकडे जास्त का होतं, तेही सांगतो. वीज कडाडली, लाइन कमी-जास्त झाली की आपण बोर्डाचं बटण बंद करतो, आणि ते बरोबरच आहे. पण प्लगमधून वीज मिळत असते तोवर मदरबोर्डचं घड्याळ तिच्यावर चालतं. बटण बंद केलं की सगळा भार सीआर २०३२ या ३ व्होल्टच्या चपट्या सेलवर येतो. रोज रात्रभर असं झालं की सेल लवकर संपतो, आणि घड्याळ जुन्या तारखेवर जातं. आता तुम्हीच सांगा, फॉरमॅट मारून तो सेल भरणार आहे का? नवीन विंडोजसुद्धा दुसऱ्या दिवशी २०१५ मध्येच उठेल. आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काही जीबी पुन्हा उतरवायचं, पोरांच्या नोट्स गमावायच्या, हे मला परवडणारं वाटत नाही.

सर्व्हिसचंही, म्हणजे विंडोजमध्ये मागे चालणाऱ्या कामांचंही, तसंच. डेटा वाचावा म्हणून दुरुस्ती करणारे ‘विंडोज अपडेट’ ही सर्व्हिस कायमची बंद करून देतात. स्टोअरला डाउनलोडसाठी तीच लागते. मग ०एक्स८००७०४२२ हा एररचा आकडा येतो. त्याचा अर्थच सर्व्हिस बंद आहे. सर्व्हिसेसच्या यादीत ती ‘डिसेबल्ड’ची ‘मॅन्युअल’ केली की झालं. डेटाच वाचवायचा असेल तर वाय-फायला ‘मीटर्ड कनेक्शन’ करा, आपोआप होणारी अपडेट त्यानेही आवरतात.

विंडोज १० संपलं म्हणून स्टोअर बंद झालं, असंही तुम्ही लिहिलं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला, स्टोअर नाही.

एका बाबतीत मात्र तुमचं पटलं. सेटिंग्जमध्ये स्टोअरसाठी ‘रिपेअर’ आणि ‘रीसेट’ ही बटणं शेजारी-शेजारी असतात, आणि मी आधी ‘रीसेट’ लिहिलं होतं. रिपेअरने अ‍ॅपचा डेटा राहतो, रीसेटने जातो. तो क्रम आज बदलला. शिवाय कमांड दिल्यावर काळी रिकामी खिडकी उघडते, ती स्वतःहून बंद होईपर्यंत हात लावायचा नाही, हेही टाकलं आहे. तुमचा अनुभव दहा-बारा मशीनचा आहे म्हणता. फॉरमॅटनंतर त्यांतल्या किती जणांचं स्टोअर महिनाभरात पुन्हा अडलं, ते जरूर कळवा. आणि तेव्हा कोपऱ्यात तारीख काय होती, तेही.