जुना घुमारा, चालू स्थितीत

गाण्याला रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, लागतो हे घरी पटवून देता येतं. त्यासाठी 1980च्या दशकातलं यंत्रच हवं, हे नाही पटवता येत.

"कॉम्प्युटरमध्ये आहे ना ते?" बायकोने विचारलं.

आहे. तेच यंत्र, त्याच नावाचं, स्क्रू आणि बटणांच्या चित्रांसकट.

"मग?"

या 'मग'ला उत्तर असलेला साउंड इंजिनिअर मला अजून भेटायचाय. मी विषय तंत्राकडे वळवला. म्हटलं, याने छोट्या खोलीत गायलेलं मोठ्या खोलीत गायल्यासारखं वाटतं.

"आपल्याला एक खोली कमीच पडतेय. तिचं काही होतं का बघ."

खरं तर हा सगळा उद्योग जागेच्याच अडचणीतून उभा राहिला. पूर्वी मोठ्या स्टुडिओत एक खोली मुद्दाम रिकामी ठेवत. आत स्पीकर, समोर माइक, बाकी नुसत्या आवाज घुमवणाऱ्या भिंती. 1957 साली जर्मनीच्या ईएमटीने खोलीच्या जागी पोलादी पत्रा आणला. तो चौकटीसकट पावणेतीनशे किलोच्या घरात! पुढे 1976 मध्ये त्याच कंपनीने ईएमटी 250 हा डिजिटल रिव्हर्ब काढला. किंमत सुमारे 20,000 डॉलर. आमच्या यादीत तो कधी नव्हताच, पण यादी करताना त्याचं नाव वर लिहायची पद्धत आहे.

पद्धती सांगणारे मित्र पुष्कळ. एकजण म्हणाला, घ्यायचा तर लेक्सिकॉन 224. डेव्हिड ग्रिझिंजर या भौतिकशास्त्रज्ञाने केलेलं, 1978 सालचं यंत्र. सरकपट्ट्यांचा रिमोट टेबलावर ठेवायचा आणि मूळ पेटी शेजारच्या खोलीत, कारण तिचा पंखा ऐकू येतो. म्हणजे पुन्हा शेजारची खोली आलीच. दुसऱ्याचा जीव एएमएस आरएमएक्स 16वर. इंग्लंडमधल्या बर्नलीचं ते यंत्र. त्यातला 'नॉनलिन' हा तयार घुमाऱ्याचा प्रोग्रॅम ड्रमवर लावला की आवाज भव्य फुगतो आणि कापल्यासारखा थांबतो. मी मिक्स करतो अभंग. पखवाजाची थाप अशी मध्येच तोडली तर वारकऱ्यांनी टाळ कुठे वाजवायचा? तिसरा म्हणाला, अलेसिसचा मिडीव्हर्ब घे, 1986चा. 63 प्रोग्रॅम, आणि त्यातल्या एकातही काही बदलता येत नाही. निर्णयक्षमता संपलेल्या माणसाला हे फार आवडलं. पण त्याच्या अ‍ॅडॉप्टरमधून 9 व्होल्ट एसीच बाहेर पडावे लागतात. असा अ‍ॅडॉप्टर मागितला की दुकानदार तुम्हालाच समजावून सांगतो की अ‍ॅडॉप्टर म्हणजे डीसी.

शेवटी यामाहाच्या एसपीएक्स 90वर येऊन थांबलो. 1985 सालचा, रॅकच्या एका खणात मावणारा. आत जायला वाट एक, बाहेर पडायला दोन. 12 किलोहर्ट्झच्या वरचे सूर त्याला काढता येत नाहीत, कारण सॅम्पलिंगच, म्हणजे आवाजाचे नमुने घेण्याचा वेगच, 31.25 किलोहर्ट्झचा. आणि इथेच या छंदाची गंमत आहे. श्रोडर नावाच्या शास्त्रज्ञाने 1960च्या दशकाच्या सुरुवातीला हिशेब मांडला होता: घुमारा खरा वाटायला सेकंदाला हजारेक प्रतिध्वनी लागतात. त्यासाठी लागणारी मेमरी तेव्हा महाग. प्रतिध्वनी विरळ पडले की टाळी रिकाम्या हंड्यात वाजवल्यासारखी खणखणते. ती खणखण झाकायला ग्रिझिंजरसारख्यांनी प्रतिध्वनींच्या वेळा आतल्या आत किंचित हलत्या ठेवल्या. त्या पिढीने हे दोष घालवायला रात्री जागवल्या. ते आता पुरते गेले आहेत, आणि आम्ही जास्त पैसे देऊन परत आणतो. वरचे सूर गायब असले की त्याला 'उबदार' म्हणायचं. खरखर असली की 'कॅरेक्टर'. नव्या यंत्रात यातलं काहीच नसतं, म्हणून ते स्वस्त.

हे तत्त्वज्ञान लॅमिंग्टन रोडवरच्या विक्रेत्याला माझ्याआधी कळलेलं होतं.

"चालू स्थितीत आहे साहेब. फक्त डावीकडून आवाज येत नाही."

"दोन आउटपुट आहेत ना त्याला?"

"इनपुट एकच आहे. त्या मानाने एक पुरे."

आतली बॅटरी मेली होती. त्यामुळे आपण जमवलेले 60 प्रोग्रॅम वीज बंद होताच पुसले जाणार होते. त्यावर त्याचं म्हणणं, कंपनीचे 30 कायम आहेत, ते आधी वापरून संपवा. शिवाय माल जपानी, 100 व्होल्टचा. आपल्या 230ला थेट लावला तर एकदाच वाजेल.

"डावी बाजू दुरुस्त करून द्याल का?"

त्याने माझ्याकडे करुणेने पाहिलं. "देतो की. पण आत हात घातला की मूळचा राहत नाही. नंतर विकताना भाव पडेल."

दुरुस्तीनंतर भाव पडणारी वस्तू मी तोवर पाहिली नव्हती. घासाघीस करायला गेलो, तर तो एकेक दोष मोजून दाखवायला लागला आणि मला भीती वाटली की याने किंमत वाढेल. निमूट पैसे काढले.

ट्रान्सफॉर्मर त्याने आपणहून दिला, तिथेच जोडून दाखवला. चांगला जड होता आणि चालू करताच गूंऽऽ करायला लागला.

"हा आवाज?"

"तो फ्री आहे."