शंभरी भरली म्हणून पूल मरत नाही

गुजरातमधल्या भरूचच्या गोल्डन ब्रिजच्या छायाचित्रासह एक संदेश सध्या मुंबईत घरोघरी पोहोचतो आहे. लोखंडी पुलाचे आयुष्य शंभर वर्षांचेच असते, गंजलेली जाळी दुरुस्त होत नाही आणि आठवणीसाठी एखादा दगड वा फोटो पुरतो, असा त्याचा दावा आहे.

यातले पहिले विधान याच पुलाने खोटे पाडले आहे. नर्मदेवरचा आधीचा पूल पुरांत वारंवार मोडल्यामुळे बी.बी.सी.आय. रेल्वेने, म्हणजे आपल्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वजाने, ब्रिटिश अभियंते सर जॉन हॉक्शॉ यांच्या आराखड्यानुसार 1877 ते 1881 या काळात हा पूल बांधला. 1935 मध्ये शेजारच्या सिल्व्हर ज्युबिली पुलावरून रेल्वेगाड्या धावू लागल्या, तरी रस्त्याची वाहतूक 2021 मध्ये नवा पूल होईपर्यंत याच्यावरून चालू होती. याउलट 15 जून 2025 रोजी पुणे जिल्ह्यात कुंडमळा येथे गर्दीच्या भाराने कोसळलेला लोखंडी पूल सुमारे तीस वर्षांचाच होता.

गंजाची भीती मात्र खरी आहे. खाऱ्या हवेत राहणाऱ्या मुंबईकराला ते वेगळे सांगायला नको. पण असा जाळीचा, म्हणजे ट्रस, पूल त्रिकोणांचा बनलेला असतो, त्यातला प्रत्येक दांडा मुख्यतः ताण किंवा दाब सोसतो, आणि दांडे रिव्हेटांनी, म्हणजे टोके ठोकून पक्क्या केलेल्या धातूच्या खिळ्यांनी, जोडलेले असल्यामुळे तात्पुरता टेकू देऊन नेमका खराब भाग काढून नवा बसवता येतो. सैल झालेला रिव्हेट हातोडीने ठोकून ओळखता येतो. त्या काळच्या घडीव लोखंडावर वेल्डिंग भरवशाचे नसते, म्हणून तेथे बोल्ट वापरणे बरे; अशा पुलांचे खरे नुकसान घाईच्या डागडुजीने होते.

प्रत्येक जुना पूल राखावा, असे माझे म्हणणे नाही. मुंबईतला 1868 चा कर्नाक पूल धोकादायक ठरल्यावर 2022 मध्ये पाडणे भागच होते, आणि त्यावरचे कोरीव अक्षरांचे दगड राखून ठेवले गेले, याचे मला समाधान आहे. तरीही दगडावरून नाव आणि साल एवढेच कळते, भार कोणत्या दांड्यातून कोठे उतरत होता हे कळत नाही. गोल्डन ब्रिजवर आता वाहतुकीचे मुख्य ओझे उरलेले नाही. पावसाळ्याआधी सांध्यांतली माती काढली, निचऱ्याची भोके मोकळी केली आणि वेळेवर रंग दिला, तर पायी चालणाऱ्यांसाठी तो खुला ठेवता येईल आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना भाराचा तो मार्ग जागेवरच दाखवता येईल.