लिव्हर कॅन्सर आणि ‘कशाला हाल करता?’

घराघरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक संदेश फिरतोय. त्याचा गोषवारा असा : लिव्हरचा कॅन्सर निघाला की खेळ संपला. उपचारांनी पैसा जातो, हाल वाढतात. त्यापेक्षा पेशंटला घरी न्या, डाळ-अंडी-दूध बंद करून लिव्हरला विश्रांती द्या, गुळवेलीचा काढा सुरू करा, मॉर्फीनला हात लावू देऊ नका आणि त्याला काही सांगू नका. शेवटी जोडलेले हात.

पाठवणाऱ्याला माणसाचे हाल नको आहेत. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला हाल वाढवणारा आहे.

‘उपचार म्हणजे हाल’ यापासून सुरुवात करू. लिव्हर कॅन्सरच्या बहुतेक पेशंटांना दोन आजार असतात : गाठ, आणि तिच्या आधीपासूनचा सिरॉसिस, म्हणजे यकृत व्रणांनी घट्ट होऊन निकामी होत जाणं. हिपॅटायटिस बी, सी, दारू किंवा फॅटी लिव्हर यांनी यकृत वर्षानुवर्षं खराब केलेलं असतं. रोजचं जगणं अवघड होतं ते पुष्कळदा या दुसऱ्या आजारामुळे. म्हणून डॉक्टर गाठीच्या मापाइतकंच बिलिरुबिन (काविळीचं रंगद्रव्य), अल्ब्युमिन (यकृतात बनणारं रक्तातलं प्रथिन), रक्त गोठण्याचा वेळ, पोटातलं पाणी आणि माणसाची शुद्ध या पाच गोष्टींकडे बघतात. ‘लिव्हर कॅन्सर’ एवढ्या दोन शब्दांवरून कोणाचंच भविष्य सांगता येत नाही.

गाठ लहान असेल तर ती कापता किंवा जाळता येते, काहींना प्रत्यारोपण करता येतं. १९९६ साली मिलानच्या डॉक्टरांनी दाखवलं, की ५ सेंटीमीटरपर्यंतची एक किंवा ३ सेंटीमीटरपर्यंतच्या जास्तीत जास्त तीन गाठी असलेल्यांत प्रत्यारोपणानंतर चार वर्षांनी सुमारे ७५ टक्के लोक हयात होते. पुढे गेलेल्या आजारातही जगण्याचा दर्जा मोजलेला आहे. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत अ‍ॅटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब ही औषधांची जोडी सोराफेनिब या जुन्या औषधाशी ताडून पाहिली. पेशंटांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावल्यांनुसार जगण्याचा दर्जा घसरायला जुन्या औषधावर साधारण ३.६ महिने लागले, नव्या जोडीवर ११.२. म्हणजे नव्या उपचारांनी बरे दिवस वाढले. अर्थात या लोकांचं यकृत बऱ्यापैकी शाबूत होतं, आणि ही औषधं महाग आहेत. खर्च झेपत नाही हे उपचार नाकारण्याचं खरं कारण असू शकतं. ते तसंच सांगावं, त्याला ‘हाल’ म्हणू नये.

आता जेवण. मला या संदेशातला सगळ्यात घातक भाग हाच वाटतो, कारण तो आपल्या काविळीच्या पथ्यात चपखल बसतो. उकडलेलं, बिनतेलाचं, उसाचा रस, वरणाचं नुसतं पाणी. प्रथिनांनी रक्तातला विषारी अमोनिया वाढतो आणि माणूस भ्रमात जातो, अशी समजूत एकेकाळी डॉक्टरांचीही होती. २००४मध्ये बार्सिलोनातल्या एका छोट्या चाचणीत भ्रमात गेलेल्या सिरॉसिसच्या पेशंटांपैकी काहींची प्रथिनं तोडली, काहींना नेहमीसारखी दिली. तोडण्याचा फायदा दिसला नाही. उलट अंगातली प्रथिनंच जास्त मोडली, म्हणजे स्नायू झिजण्याचा धोका. आणि यकृत थकल्यावर अमोनियाचा काही निचरा स्नायूच करत असतात! आज सल्ला आहे तो दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनांचा, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. डाळ, दही, पनीर, अंडं, सगळं चालतं. शिवाय खराब यकृतात साखरेचा पुरेसा साठा नसतो, त्यामुळे एका रात्रीचा उपासही अंगावर येतो. झोपण्यापूर्वी थोडं खायला द्यायचं ते यासाठी. पोटात पाणी होत असेल तर आवरायचं ते मीठ : पापड, लोणचं, फरसाण. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. अंडं बंद आणि तोंडाला चव नाही म्हणून ताटात लोणचं.

भ्रमाबद्दल थोडं अधिक, कारण घरचे तो ओळखत नाहीत. दिवसा झोप, रात्री जागरण, सही बिघडणं, विनाकारण चिडणं. ‘आजारपणानं स्वभाव बदलला’ म्हणून सोडून देतात. यामागे बरेचदा बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, आतला रक्तस्राव किंवा झोपेची गोळी असते. पोट साफ ठेवून भ्रम आवरणारं लॅक्टुलोजचं सिरप दिवसाला दोन-तीन मऊ शौचाला होतील इतकं घ्यायचं असतं. पण ‘जुलाबाचं औषध कशाला’ म्हणत तेच आधी बंद होतं.

गुळवेल : २०२०च्या शेवटच्या महिन्यांत, कोव्हिडच्या काळात, ती घेणाऱ्या मुंबईतल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मानला नाही. वाद मिटेपर्यंत आधीच मोडकळीला आलेल्या यकृतावर प्रयोग कशाला?

मॉर्फीनची भीती तर गमतीशीर आहे. ज्या घरात मॉर्फीन नको असतं, तिथेच मेडिकलमधून डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक येतं. सिरॉसिसमध्ये त्यानं मूत्रपिंडं बिघडू शकतात, रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमच्या आत सहसा चालतं. त्यानं भागलं नाही तर मॉर्फीनसारखी औषधं कमी मात्रेत, जास्त अंतराने, पोट साफ ठेवून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देता येतात. २०१४मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलला तो ती मिळणं सोपं व्हावं म्हणूनच.

पेशंटला न सांगण्याबद्दल एवढंच : पोट फुगतंय, डोळे पिवळे होताहेत, हे त्याला आरशात दिसतं. कुजबुज आपण करतो आणि एकटा तो पडतो. बँकेची कामं, भावाशी बोलणं, शेतीचे कागद, हे शुद्ध असताना करायचं असतं.

एका ठिकाणी संदेश बरोबर आहे. यकृत पार निकामी झालं, माणूस अंथरुणाला खिळला आणि प्रत्यारोपण शक्य नसेल, तर गाठीवरचे उपचार थांबवावेत, असं डॉक्टरांची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. तेव्हा घरी जरूर न्या. पण पोटातलं पाणी काढणं, खाज, वेदना, झोप यांवरचे उपचार चालूच राहतात. ५ लिटरपेक्षा जास्त पाणी काढलं तर लिटरमागे सुमारे ८ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून देतात, म्हणजे रक्तदाब आणि मूत्रपिंडं सांभाळली जातात. एवढ्यानं दम कमी लागतो, चार घास जातात. घरी जमत नसेल तर वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६पासून याच कामासाठी आहे, आणि त्याची शाखा गोव्यातही आहे.