मालकाचं उत्तर: चहा गार होता, मान्य. बाकीचं जरा बोलू

नमस्कार सर,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू परवा रात्रीच वाचला, पण तेव्हाच उत्तर टाइप केलं असतं तर भांडण झालं असतं म्हणून बायकोने फोन काढून घेतला. आता शांत डोक्याने लिहितोय.

बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. शनिवारी आपल्याकडे लिसनिंग सेशन होतं, फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लंडच्या बँडचा 1969 चा ‘लीज अँड लीफ’ हा अल्बम एलपीवर पूर्ण ऐकायचा होता, तिकीट साडेतीनशे, चहा धरून. तुमच्या तक्रारी म्हणजे चहा गार, रेकॉर्डला खरखर, ‘फोक रॉक म्हणून गेलो तर भजनी मंडळ निघालं’, एक गाणं आठ मिनिटं संपेचना, अल्बम बाहेर यायच्या आधीच बँड फुटला म्हणजे फ्लॉपच असणार, मग तो इतक्या वर्षांनी आमच्या माथी कशाला. आणि सगळ्यात शेवटी, ‘मालक मधे मधे इतका बोलतो की गाणं कमी आणि कीर्तन जास्त.’

चहाचं काही स्पष्टीकरण नाही. पोरगा सुट्टीवर होता, मी पावणेसहाला चहा करून थर्मासात भरला आणि साडेसातला दिला, त्या थर्मासाचं बूच सैल आहे हे मला माहीत होतं. चूक माझी.

खरखरीचं मात्र दोन भागांत सांगतो. माझी प्रत सत्तरच्या दशकातली आहे, माडाच्या झाडाचं चित्र असलेलं आयलंड या रेकॉर्ड कंपनीचं लेबल, कोणाच्या तरी घरात पन्नास वर्षं वाजलेली, त्यामुळे थोडं टिकटिक होणारच आणि ते मला आवडतं पण. पण तुम्ही लिहिलंय की शेवटच्या गाण्यात बाईचा आवाज फाटत होता, ते तुमचे कान चांगले आहेत म्हणून कळलं, कारण तो धुळीचा आवाज नव्हता. तबकडी एकाच वेगाने फिरते पण सुई जसजशी लेबलच्या जवळ येते तसतशी तिच्याखालून खाच हळू सरकते, तेवढ्याच गाण्याला जागा कमी मिळते, आणि सुई झिजलेली असली की तिथे नेमका ‘स’ आणि ‘श’ चरचरतो. सुई बदलायला झालीच होती, मी ‘हा महिना काढू’ म्हणत तीन महिने काढले. सोमवारी नवीन बसवली. तेच गाणं परत लावून बघितलं, बँडची गायिका सँडी डेनी हिचा ‘स’ आता स्वच्छ येतोय.

आता भजनी मंडळ. सर खरं सांगू, मला हे वाचून राग यायच्या ऐवजी हसूच आलं, कारण तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंय. पहिलंच गाणं घ्या, शाहीर कसा डफावर थाप मारून मंडळींना बोलावतो तसं ते या रे या करत सगळ्यांना बोलावतं, पुढची बरीचशी गाणी शेकडो वर्षं लोकांच्या तोंडी फिरलेली, कोणी लिहिली हे कोणालाच माहीत नाही. बँडचा बेस वाजवणारा अॅशली हचिंग्ज लंडनच्या सेसिल शार्प हाउसमध्ये, म्हणजे तिथल्या लोकगीतांच्या लायब्ररीत, जाऊन जुनी गाणी उकरून काढायचा. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर, तसलाच तो साठा समजा. फरक एवढाच की या पोरांनी तो कपाटातून काढून ड्रम, बेस आणि इलेक्ट्रिक गिटारला जोडला. (आपल्या ओव्यांचं असं कोणी करेल का हा माझा आवडता विषय आहे पण तो इथे नको, बायको मागून वाचतेय.)

ते न संपणारं आठ मिनिटांचं गाणं म्हणजे मॅटी ग्रोव्ह्ज. चर्चमध्ये सणाच्या दिवशी सरदाराची बायको या साध्या पोराला घरी चल म्हणते, नवरा लांब गेलाय म्हणते, नोकर ऐकतो आणि धावत, नदी पोहून मालकाला चुगली करतो. सकाळी पोरगा डोळे उघडतो तर सरदार पलंगाच्या पायथ्याशी उभा, आणि विचारतो काय, तर माझी गादी कशी वाटली, माझी बायको कशी वाटली. मग तलवारी, पोरगा मरतो, सरदार बायकोला विचारतो आता सांग कोण आवडतं, ती मेलेल्याचं नाव घेते, तीही मरते. आणि तो दोघांना एकाच खड्ड्यात पुरायला सांगतो पण बायकोला वर ठेवा म्हणतो, का तर ती मोठ्या घराण्यातली. मेल्यावर पण जात सुटली नाही सर, हे काय आपल्याला परकं आहे का? सँडी हे सगळं आवाज न चढवता सांगते, रडत नाही, ओरडत नाही, म्हणून तुम्हाला ते सपाट वाटलं असेल. आणि गोष्ट संपली की डेव्ह स्वॉरब्रिकचं फिडल, म्हणजे व्हायोलिन, आणि रिचर्ड थॉम्पसनची गिटार यांची जी जुंपते ती तमाशातल्या सवालजवाबासारखी, तिथे तर फक्त रॉकच आहे. तुम्ही नेमके तेव्हा फोन घ्यायला बाहेर गेलात. मी बघितलं. राग नाही, फोन कोणालाही येतो.

फ्लॉपचं मात्र मी सोडणार नाही. बँड फुटला हे शंभर टक्के खरं. रेकॉर्डिंग ऑक्टोबर नोव्हेंबरमध्ये झालं, नोव्हेंबरातच हचिंग्ज आणि सँडी दोघं बाहेर पडले, अल्बम डिसेंबरात आला. म्हणजे कव्हरवर सहा चेहरे आहेत आणि दुकानात येईपर्यंत बँडमध्ये उरले चार. पण भांडण फ्लॉपवरून नव्हतं, उलट हचिंग्जला अजून जुन्यात शिरायचं होतं आणि सँडीला स्वतःची गाणी लिहायची होती. त्याने पुढे स्टीलाय स्पॅन नावाचा बँड काढला, तिने फॉदरिंगे नावाचा. अल्बम ब्रिटनच्या चार्टवर 17 व्या नंबरला गेला, आणि 2006 मध्ये बीबीसी रेडिओ 2 च्या फोक अॅवॉर्ड्समध्ये त्याला आजवरचा सगळ्यात प्रभावी फोक अल्बम म्हणून मान मिळाला. याला फ्लॉप म्हणायचं तर मग आमचं दुकान काय म्हणायचं.

बरं हे सगळं मी शनिवारी पण सांगितलं होतं, म्हणजे सांगायचा प्रयत्न केला होता, आणि इथेच मी तुमच्या शेवटच्या तक्रारीला येतो, जिच्यावर मी दोन दिवस विचार करतोय.

दुसऱ्या बाजूला ‘द डेझर्टर’ हे गाणं झालं की वाजतं ते मेडली, चार मिनिटांचं, नाचाच्या जुन्या चार धुना एकाला एक जोडलेल्या, त्यात बोल नाहीत. बोल नाहीत म्हटल्यावर मला वाटलं ही मोकळी जागा आहे. मी आवाज कमी केला आणि अपघाताची गोष्ट सुरू केली. की 12 मे 1969 ला पहाटे बर्मिंगहॅमचा कार्यक्रम करून परत येताना बँडची व्हॅन एम 1 हायवेवर उलटली, त्यात ड्रमर मार्टिन लॅम्बल गेला, वय 19, आणि थॉम्पसनची मैत्रीण जीनी फ्रँकलिन गेली. की पुढे बँड चालवायचा की नाही हेच ठरत नव्हतं, मग उन्हाळ्यात सगळे विंचेस्टरजवळ फार्ले चेंबरलेन नावाच्या खेड्यात एका मोठ्या घरात जाऊन राहिले, नवीन ड्रमर डेव्ह मॅटॅक्स आला जो बॉलरूममध्ये नाचाच्या बँडला वाजवायचा आणि ही गाणी त्याने कधी ऐकलेली नव्हती. की सप्टेंबरात लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलला हे लोकांपुढे वाजवलं आणि मग चेल्सीतल्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत रेकॉर्ड केलं, जो आधी दुधाची डेअरी होता.

मी डेअरीपर्यंत पोचलो तेव्हा मेडली संपलं होतं.

आता बघा, ज्या नवीन ड्रमरचं मी कौतुक करत होतो तो मागे वाजवत होता आणि मी त्याच्यावर बोलत होतो. ज्या स्वॉरब्रिकसाठी हा अल्बम आहे असं मी जाहिरातीत लिहिलं, त्याची सगळ्यात भन्नाट चार मिनिटं तुम्हाला माझ्या आवाजाखाली ऐकायला लागली. कव्हर उघडून आतली चित्रं पण मी तेव्हाच फिरवली, अंधारात, कोणाला काही दिसलं नसेल. आपल्या माणसाला पुरून जेमतेम चार पाच महिने झालेली पोरं, आणि ती वाजवतायत काय तर नाच. हे मला सांगायचं होतं आणि ते त्या चार मिनिटांत आपोआप ऐकू आलं असतं, मी गप्प बसलो असतो तर. तुमचा रिव्ह्यू बायकोला वाचून दाखवला तर ती म्हणाली ‘एक स्टार जास्तच दिलाय त्यांनी.’

तर मी काय ठरवलंय सांगतो. येत्या शनिवारी सात वाजता फक्त दुसरी बाजू लावणार, द डेझर्टर, मेडली, टॅम लिन आणि ते फाटलेलं शेवटचं गाणं, मिळून वीस मिनिटं. गेल्या वेळी आलेल्या कोणालाच तिकिटाचे पैसे पडणार नाहीत. टॅम लिनच्या ठेक्यावर मात्र पाय आपटायला जाऊ नका, तो सरळ चाराचा नाही, मी अजून चुकतो. मी काउंटरच्या मागे असेन, ज्याला काही विचारायचंय त्याने संपल्यावर विचारायचं, आणि अपघाताचं वगैरे जे सांगायचंय ते एका कागदावर लिहून दारात चिकटवतोय, ज्याला वाचायचंय त्याने वाचावं. साडेतीनशे परत हवे असतील तर काउंटरवर सांगा, लगेच देतो, त्यासाठी परत ऐकायला बसायची अट नाही.

रिव्ह्यू बदला असं म्हणत नाही. चहा या वेळी माणसं आल्यावर टाकणार आहे, गाडी मात्र समोरच्या बोळात लावू नका, त्या काकू हवा सोडतात.