आवाज आधी ऐका, किंमत नंतर सांगा

फर्नेसचा, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या यंत्राचा, कुठलाही आवाज सांगा, या दुरुस्तीवाल्या कंपन्यांचं उत्तर ठरलेलं. घरघरतोय? नवीन घ्या. किंचाळतोय? नवीन घ्या. सुरू होताना धडाम करतोय? अरे बापरे मॅडम, घरात लहान मुलं आहेत ना, मग आजच नवीन घ्या!

शिकागोच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाला ऐन जानेवारीत असं घाबरवलं की तो गपगुमान सही करतो, हे या लोकांना पक्कं ठाऊक आहे. ३० जानेवारी २०१९ ला इथे पारा उणे २३ फॅरनहाइटवर उतरला होता, म्हणजे उणे ३० सेल्सियसच्याही खाली. अशा रात्री फर्नेस बसला तर नुसती थंडी वाजत नाही, भिंतीतले पाण्याचे पाइप गोठून फुटतात आणि घराची वाट लागते. भीती खोटी नाहीच. म्हणून तर त्या भीतीवर दुकान मांडणाऱ्यांचा इतका संताप येतो.

आमचा फर्नेस धडाम करायला लागला म्हणून कंपनीचा जो पोरगा आला, त्याने बेसमेंटच्या पायऱ्या उतरता उतरताच टॅब्लेटवर हप्त्यांचं कोष्टक उघडलं होतं. फर्नेसचं झाकण काढलं नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे भिंतीवरचं तापमान ठरवायचं बटण, वाढवून आवाज ऐकला नाही. झाकणावरच्या छोट्या काचेतून आतल्या बोर्डावरचा दिवा दिसतो; तो किती वेळा लुकलुकतो त्यावरून बिघाड कळतो आणि त्याचा तक्ता झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेला असतो. तिकडे ढुंकूनही बघितलं नाही. आणि प्रश्न कोणाला विचारतोय? तर माझ्या नवऱ्याला. "सर, आवाज कधीपासून येतोय?" सरांना काय माहीत! सर दिवसभर वरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये. त्या यंत्राशेजारी उभी राहून कपडे धुणारी मी, कुठला आवाज कधी येतो हे सांगणारीही मीच, आणि मी बोलायला लागले की साहेब मान डोलावून पुन्हा नवऱ्याकडे बघणार. दहा मिनिटांत निदान झालं: हीट एक्स्चेंजरला तडा गेलाय, ८,००० डॉलर, आजच ठरवलंत तर सूट.

तडा गेलाय? दाखव की मग! हीट एक्स्चेंजर म्हणजे आतली धातूची पोकळ नळकांडी. आत गॅसच्या ज्वाळा, बाहेरून घराची हवा. तिला खरंच चीर पडली तर ती गंभीर गोष्ट आहे, ज्योत बिघडू शकते, जळलेला धूर घरात शिरू शकतो. पण ती बघायला आत कॅमेरा घालावा लागतो, निदान ब्लोअर, म्हणजे घरात हवा ढकलणारा मोठा पंखा, तरी बाहेर काढावा लागतो. याने बाहेर उभं राहून, बंद झाकणातून चीर बघितली. डोळे आहेत की क्ष-किरणं? बरं, कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचं नाव तोंडात सारखं, पण तो मोजायचं यंत्र पिशवीत नाही. म्हणे तुमचा अलार्म वाजत नाही तेच नशीब. इलिनॉयमध्ये २००७ पासून प्रत्येक झोपायच्या खोलीपासून १५ फुटांच्या आत हा अलार्म लावणं कायद्याने सक्तीचं आहे, आमच्याकडेही आहे. पण पातळी ७० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) एवढीच असेल, तर ती तासभर तरी टिकल्याशिवाय तो बोंबलत नाही, त्यामुळे तो गप्प आहे म्हणून फर्नेस धडधाकट, असंही म्हणता येत नाही. धूर बाहेर नेणाऱ्या पाइपात मीटर घालून मोजणं हे येणाऱ्याचं काम. ते सोडून सगळं केलं त्याने.

माझा मुद्दा इतका साधा आहे की तो कुणालाच का सुचत नाही याचं नवल वाटतं. आवाज कसा आहे याच्याइतकंच तो *केव्हा* येतो हे महत्त्वाचं. फर्नेसचा क्रम ठरलेला असतो. थर्मोस्टॅटने हाक दिली की आधी छोटा पंखा गुरगुरतो, तो धूर बाहेर ओढणारा इंड्यूसर. मग गॅस पेटवणारा इग्नायटर लालभडक होतो. मग टक्‌ करून गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि बर्नर पेटतात. त्यानंतर साधारण अर्ध्या मिनिटाने मोठा ब्लोअर सुरू होऊन गरम हवा डक्टमध्ये, म्हणजे घरभर फिरलेल्या पत्र्याच्या नळ्यांमध्ये, ढकलतो. आता याच्यावर आवाज बसवून बघा. सुरुवातीलाच किंचाळला तर इंड्यूसरच्या बेअरिंगकडे बोट. नंतर, गरम हवा सुरू होताना किंचाळला किंवा पत्र्यावर पत्रा घासल्यासारखा झाला, तर ब्लोअर. त्याचं चाक सैल होऊन भोवतीच्या पत्र्याच्या कवचाला घासतंय, ताबडतोब बंद करा, नाहीतर मोटरही जाईल.

आमचा धडाम नेमका गॅस उघडल्यानंतर व्हायचा. सांगलीहून आलेल्या सासूबाई तर रोज पहाटे विचारायच्या, "अगं, भांडं पडलं का गं खाली?" मी म्हटलं, "नाही आई, फर्नेस आहे." पण जे झालं होतं ते त्यांना एका वाक्यात कळलं असतं. शेगडीची कळ आधी फिरवली आणि लायटर शोधत बसलो, की मग पेटवताना भप्प होतं ना, अगदी तेच. बर्नर गंजाने, धुळीने तुंबले, गॅसचा दाब कमी पडला किंवा इग्नायटर दमला, की गॅस साचतो आणि उशिरा एकदम पेटतो. याकडे काणाडोळा करू नये, कारण रोजचे असे धक्के बसून हीट एक्स्चेंजरला खरोखरीच तडा जाऊ शकतो. म्हणजे बघा, हा पठ्ठ्या परिणाम विकत होता आणि कारणाला हात लावायला तयार नव्हता!

आणि आपली मंडळी काही कमी नाहीत. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं तर सल्ल्यांचा पूर. एक काका म्हणे, न वापरत्या खोल्यांचे व्हेंट, म्हणजे गरम हवा येण्याच्या जाळ्या, बंद करा, गॅस वाचतो. दुसरे म्हणे, चांगला दाट फिल्टर लावा, मर्व्ह १३ (मर्व्हचा आकडा जितका मोठा, तितका फिल्टर दाट), मुलांना धूळ नको. काका, एक इंचाच्या खाचेत तो दाट फिल्टर कोंबला आणि वर चार व्हेंट बंद केले, तर फर्नेसने श्वास घ्यायचा कुठून? बहुतेक घरगुती फर्नेस डक्टमध्ये जास्तीत जास्त अर्धा इंच पाण्याएवढा दाब धरून बनवलेले असतात. त्याच्या वर गेलं की फिल्टरच्या फटीतून शिट्ट्या आणि रुंद पत्र्याचे डक्ट फुगून-आकसून ढब्‌ढब्‌. हा डक्टचा आवाज बर्नरच्या आवाजासारखाच वाटतो, फक्त ब्लोअर सुरू झाल्यावर किंवा बंद झाल्यावर येतो. मग लोक त्यालाही "फुटला, फुटला" म्हणून माणूस बोलावतात, आणि माणूस टॅब्लेट घेऊन हजर.

गुडगुड ऐकू आली तर? ९० टक्क्यांच्या वर कार्यक्षमतेचे फर्नेस धुरातली वाफ थंड करून पाणी करतात. ते वाहून नेणारी नळी तुंबलीय, साफ करा. टकटक होऊन ज्योत पेटते, चार-पाच सेकंदांत विझते, पुन्हा टकटक? फ्लेम सेन्सर नावाची एक बारीक सळी असते, तिच्यावर पुटं चढली की बोर्डाला ज्योत दिसत नाही आणि तो गॅस बंद करतो. जबाबदार माणूस ती सळी काढून बारीक स्टील वूलने पुसतो. बस्स. एवढ्यासाठी शेजारच्या घरी सगळा फर्नेस बदलला गेला, मी डोळ्यांनी पाहिलंय.

अर्थात गॅसचा वास आला तर हे सगळं ज्ञान खुंटीला टांगा, दिव्याचं बटणही न दाबता घराबाहेर पडा आणि फोन बाहेरून करा. अलार्म वाजला तरी तेच. तिथे शहाणपणा नको. पण खरी भीती कुठली आणि विक्रीची भीती कुठली हे ग्राहकाला कळू नये यातच यांचा फायदा आहे, आणि माझं डोकं फिरतं ते नेमकं यानेच.

शेवटी एक म्हातारे गृहस्थ आले, एकटेच काम करणारे. आल्या आल्या म्हणाले, "चालू करा, मला एक फेरा पूर्ण ऐकू दे." स्टुलावर बसले आणि ऐकलं! मग बर्नर बाहेर काढले, एका बर्नरकडून दुसऱ्याकडे ज्योत जायच्या फटी गंजाने बुजल्या होत्या त्या घासल्या, गॅसचा दाब तपासला, कॅमेरा घालून हीट एक्स्चेंजर मला स्क्रीनवर दाखवला. मला, बरं का, सरांना नाही. कुठेही चीर नाही. ८,००० च्या जागी जे बिल झालं त्यात आमच्या चौघांचं बाहेरचं जेवण दोनदा झालं असतं, इतकंच.

परवा त्या पहिल्या कंपनीचा पुन्हा फोन. ऑफर फक्त शुक्रवारपर्यंत, पुन्हा तोच सुरक्षिततेचा सूर. मी विचारलं, "धडाम गॅस उघडल्यावर होतो की ब्लोअर सुरू झाल्यावर, हे तुमच्या माणसाने लिहून घेतलंय का?"

तो म्हणाला, "मॅडम, तुमचे मिस्टर आहेत का घरी?"