तिला शवासनात का झोपवता?

२१ जून जवळ आला की आमच्या तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडतात. एक म्हणतो, योग केला की डोक्याच्या डॉक्टरची पायरी चढावी लागत नाही. दुसरा म्हणतो, चटया अंथरायच्या, फोटो काढायचे, झाला योग. यंदा भांडण पेटलं ते आत्महत्या झालेल्या शेतकऱ्यांच्या घरच्यांसाठी झेडपीच्या शाळेत भरवलेल्या शिबिरावरून. नात्यातल्या एक वहिनी अर्ध्यातून उठून घरी निघून गेल्या. "तिला गोडीच नाही," असा निकाल ग्रुपवर लागला.

मी फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "डोळे मिटले का तेच दिसतात वं माय, वावरात पडेल. अन् सर माइकवर म्हने, हालू नका."

हे वाक्य दोन्ही तटांनी ऐकायला हवं. मोठ्या आघातानंतर शरीराची धोक्याची घंटा वाजतच राहते. दार आपटलं की दचकायला होतं, फवारणीच्या औषधाचा वास आला की छाती धडधडते. अशा बाईला डोळे मिटून निपचित पडायला सांगितलं, वर कुणी न विचारता मागून येऊन पाठ सरळ केली, तर आराम कसला पडणार? उलट जे एकदा तिच्या हाताबाहेर गेलं, तेच पुन्हा घडतं.

मी जर्मनीत फिजिओथेरपिस्ट आहे. इथे युद्धातून आलेल्या बायकांचा योगवर्ग मी जवळून पाहते. दार उघडं असतं आणि शिकवणारी सगळ्यांना दिसेल अशा जागी बसते, पाठीमागून फिरत नाही. "हवं तर हात वर न्या, नको तर राहू द्या," अशी तिची भाषा. डोळे उघडे ठेवले तरी चालतात. एक बाई कितीतरी वर्ग दाराजवळच्या खुर्चीत बूट घालून बसायची, नुसते खांदे फिरवायची. तिला कुणी टोकलं नाही.

ही पद्धत बोस्टनमध्ये मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क आणि योगशिक्षक डेव्हिड इमर्सन यांनी बसवली. २०१४ साली त्यांच्या गटाने ६४ बायकांवरचा अभ्यास छापला. उपचार घेऊनही त्यांचा आघातानंतर जडलेला मानसिक आजार (पीटीएसडी) हटत नव्हता. दहा आठवडे, आठवड्याला एक तास योग केलेल्या ३१ जणींपैकी १६ जणी शेवटी त्या आजाराच्या निकषात बसेनाशा झाल्या. दुसऱ्या गटाला आरोग्याची माहिती दिली जात होती. तिथे २९ पैकी ६. अभ्यास लहान आहे, फक्त बायकांवरचा आहे. पण 'सगळं थोतांड' म्हणणाऱ्याला तो गप्प करतो. आणि 'गोळ्या बंद करा' म्हणणाऱ्याला त्यात काहीच आधार सापडत नाही.

मोजून पाहण्याची ही सवय आपल्याला परकी नाही, हे ग्रुपवर कुणाच्या लक्षात येत नाही. स्वामी कुवलयानंद आमच्या अमळनेरलाच शिकवत होते, तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते. इंग्रज सरकारने १९२३ साली ते बंद केलं. पुढच्या वर्षी त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली आणि आसनं करणाऱ्या माणसाचे एक्स-रे काढले.

जर्मनीत सगळं आलबेल आहे असं समजू नका. मानसोपचारासाठी महिनोन्महिने थांबावं लागतं. मान्यताप्राप्त योगवर्गाच्या फीचा काही भाग आरोग्य विमा देतो खरा, पण तिथे येतात ते बहुतेक पाठदुखीवाले आणि ऑफिसला कंटाळलेले. शिवाय वर्ग संपला की जो तो आपापल्या वाटेने. वहिनींच्या ओट्यावर संध्याकाळी चार बायका तरी येऊन बसतात.

पण त्याच ओट्याची दुसरी बाजूही आहे. खान्देशात विधवा बाईला स्वतःचा म्हणता येईल असा अर्धा तास मिळतो कुठे? सकाळी भाकरी, मग निंदणी नाहीतर कापूस वेचणी, रात्री कर्जाचे कागद आणि पोरांची फी. त्यातून ती अंगणात हातपाय ताणायला लागली, तर सासू नाही तर शेजारीण म्हणणारच, "नवरा जाऊन वर्ष नाही झालं अन् हिला कसरत सुचते." शिबिर भरवणाऱ्यांना हे ठाऊक असतं, तरी ते पटांगण निवडतात, कारण फोटो तिथेच चांगला येतो.

माझं म्हणणं असं की पुढच्या वेळी पटांगण सोडा आणि दुपारी रिकामी असेल तर अंगणवाडीची खोली घ्या. पाच-सहा बायका पुरेत. शिकवायला बाईच हवी, जमलं तर अहिराणी बोलणारी. माइक नको, फोटो नको, शवासनाची सक्ती तर मुळीच नको. श्वास हळूहळू सोडायला शिकवा, तोही जिला जमेल तितका. जिची झोप उडाली आहे किंवा जी मरणाचं बोलते, तिला त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्या, नाहीतर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फुकटचा नंबर लावून द्या. तिथे मराठीत बोलता येतं, रात्रीसुद्धा. हा सगळा खर्च एका मंडपाच्या भाड्याहून कमीच होईल. ग्रुपवर मी तसं लिहिलंय, आणि मंडपवाले काका तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.